महीच्या कोतरांपासून कावीच्या किनाऱ्यापर्यंत: बडोद्याकडच्या मातीवर माउंटन बाइक

बडोद्याहून पश्चिमेला निघालं की सिंधरोटपाशी मही नदीची कोतरं, म्हणजे मातीच्या घळी, सुरू होतात. पादऱ्याच्या बाजूने नदीचा काठ धरून खाली सरकत गेलं की डबका हे गाव लागतं. पुढे ढाढर नदी ओलांडून जंबुसर, आणि जंबुसरच्या पलीकडे कावी-कंबोई. तिथे खंभातच्या आखाताचं पाणी दिसतं. शहरापासून कावी-कंबोई साधारण ७५ किलोमीटर. एवढ्या अंतरात माउंटन बाइकसाठी तीन अगदी वेगळ्या जमिनी मिळतात: कोतरांची पिठासारखी धूळ, कानमची (इथल्या कापसाच्या पट्ट्याची) काळी माती आणि किनाऱ्यावरचा खारा गाळ. मही धार जिल्ह्यातून निघून ५८३ किलोमीटर वाहत येते आणि तिने आणलेला गाळच कोतरांत उंच भिंती होऊन उभा आहे आणि मुखाशी सपाट पसरला आहे. म्हणून एक गोष्ट आधी मनात पक्की करावी: जमीन बदलली की टायरमधली हवा बदलायची. महाग फोर्क (पुढचं चाक धरणारा, धक्के झेलणारा दुबेळका भाग), हलकी फ्रेम, बारा गिअर हे सगळं त्यानंतर.

हंगाम आणि मातीची परीक्षा

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा खरा काळ. मार्चमध्ये सकाळी दहाच्या आत परत येत असाल तर चालतं. एप्रिल-मेमध्ये कोतरांच्या तळाशी वारा लागत नाही, दोन्ही बाजूंच्या भिंती तापतात आणि पाणी कितीही नेलं तरी कमी पडतं. पावसाळ्यात कोतरांत उतरूच नये. त्याचं कारण पुढे येईल.

अवकाळी पाऊस झाला तर किती दिवस थांबायचं याचा आकडा कामाचा नाही, कारण सावलीतली वाट आठवडाभर ओली राहते आणि उघडी वाट दोन दिवसांत वाळते. त्यापेक्षा वाटेच्या तोंडाशी उतरून दोन बोटं खोल उकरा, मूठभर माती घ्या आणि तळव्यावर वळा. भाकरीच्या पिठासारखी तिची गोळी झाली आणि बोटाने दाबूनही फुटली नाही तर घरी परता. गोळी दाबताच फुटली तर चला. काळ्या मातीत ही परीक्षा जास्तच काटेकोरपणे करावी. कानमची कापसाची जमीन ओली असताना चाकाला असा थर चढतो की शंभर मीटरमध्ये चाक फोर्कच्या कमानीत अडकतं. जोर लावून पेडल मारलं की मागचा डिरेलर (गिअर बदलणारा भाग) चिखलासकट आऱ्यांत ओढला जातो आणि त्याचा हँगर, म्हणजे तो ज्याला टांगलेला असतो तो धातूचा तुकडा, तुटतो. अशा वेळी सायकल खांद्यावर घ्यावी, ढकलूसुद्धा नये.

टायर आणि हवा

घरात असलेली जुनी सव्वीस इंची किंवा २७.५ इंची सायकल, पुढे साधा स्प्रिंगचा १०० मिलीमीटर फोर्क, एवढ्यावर हे सगळं जमतं. खर्च करायचाच असेल तर तो टायरवर करा. रुंदी २.२५ ते २.४ इंच, मधली नक्षी फार उंच नको, कडेचे रबरी ठोकळे मात्र ठसठशीत हवेत. मधे उंच ठोकळे असले की डांबरी रस्त्यावर पाय भरून येतात आणि कोतरातल्या कडक पायवाटेवर त्यांचा काही उपयोग होत नाही. वळणावर धुळीत रुतून धरतात ते कडेचेच.

हवेचा हिशेब ७० किलोच्या माणसासाठी आणि २.३ इंचाच्या आसपासच्या टायरसाठी धरला आहे. ट्यूब असेल तर शहरातून सिंधरोटपर्यंत डांबरी रस्त्यावर ३५ ते ४० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप). कोतरांच्या तोंडाशी उतरून पुढे २८ आणि मागे ३१ करा. किनाऱ्याच्या वाळूवर २२ ते २४. ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेला टायर) असेल तर रस्त्यावर ३०, कोतरांत पुढे २१ आणि मागे २४, वाळूवर पुढे १५-१६ आणि मागे १८. वजन दर ५ किलोने वाढलं की एक पीएसआय वाढवा, कमी असेल तर तेवढाच कमी करा. मागे नेहमी थोडी जास्त, कारण वजन मागच्या चाकावर जास्त पडतं.

पंक्चरवाल्याकडची हवा बहुतेक वेळा मोटरसायकलच्या मानाने मारली जाते, म्हणून कॉम्प्रेसरवर भिस्त ठेवू नका. स्वतःचा उभा पंप आणि छोटा आकड्यांचा गेज घ्या. अंगठ्याने दाबून अंदाज बांधण्याची सवय चांगलीच आहे, पण २१ आणि २६ मधला फरक अंगठ्याला कळत नाही आणि वळणावरच्या धुळीत नेमका तोच फरक जाणवतो. एक बारकावा: सकाळी १५ अंशांत मोजलेली हवा दुपारी ३० अंशांत दीड-दोन पीएसआयने चढलेली असते. उन्हात सायकल ठेवून पोहे खाल्ले असतील तर निघताना पुन्हा मोजा.

हवा फार कमी झाली तर काय होतं? ट्यूबच्या टायरमध्ये दगडावर आदळताना टायर रिमपर्यंत दबतो आणि ट्यूबला शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात, सापाने डसल्यासारखी. ही दोन भोकं दिसली की काटा शोधत बसू नका, हवा वाढवा. ट्यूबलेसमध्ये वळणावर टायरची कड रिमवरून क्षणभर सुटते, फस्स करून हवा जाते आणि कडेला सीलंटचा (टायरमध्ये घातलेल्या, भोक बुजवणाऱ्या द्रवाचा) पांढरा ओघळ दिसतो. तिथे दोन पीएसआय वाढवले की भागतं.

काटे

या भागातल्या पंक्चरांपैकी बहुतेक पंक्चर दोन झाडांमुळे होतात. एक सराटा, ज्याला गुजरातीत गोखरू म्हणतात. तो जमिनीलगत पसरतो आणि त्याचं टोक कसंही पडलं तरी वरच राहतं. दुसरी वेडी बाभूळ, म्हणजे इथल्या बोलीतला गांडो बावळ. हिची कुंपणाला लावलेली वाळकी फांदी वाटेवर पडलेली असते आणि तिचा काटा लांब, जाड आणि इतका कडक असतो की बुटाचा तळवाही भेदतो.

शक्य असेल तर ट्यूबलेस कराच, पण रिम त्यासाठी बनलेली असेल तरच. साध्या रिमवर टेप लावून जुगाड केलेला ट्यूबलेस कमी हवेवर सुटतो. २९ इंची २.३ टायरला ९० ते ११० मिलीलीटर सीलंट घाला. थंड देशातल्या बाटलीवर सहा महिने लिहिलेलं असलं तरी आपल्या उन्हात ते दोन-तीन महिन्यांतच वाळतं. तपासायला व्हॉल्व्हची आतली पिन काढा, व्हॉल्व्ह घड्याळातल्या सहाच्या जागी, म्हणजे सगळ्यात खाली, आणा आणि त्यातून प्लास्टिकची बारीक पट्टी आत सोडा. पट्टी ओली आली तर ठीक. कोरडी आली किंवा टोकाला रबराच्या गोळ्या लागल्या तर नवं ५० मिली घाला. रिम ट्यूबलेसची नसेल तर ट्यूबमध्येच सीलंट भरता येतं, मात्र ज्याची पिन निघते असाच व्हॉल्व्ह घ्या.

सराट्याचे बारके काटे टायरमध्ये दिसले आणि हवा जात नसेल तर ते तसेच राहू द्या आणि घरी पोचल्यावर चिमट्याने काढा. बाभळीचा लांब काटा मात्र दिसला की लगेच थांबा. तो दर फेऱ्याला आत सरकतो, आणि टायर दबला की थेट रिमच्या टेपपर्यंत जाऊन टेपला भोक पाडतो. टेपचं भोक सीलंटने नीट बुजत नाही. हवा मग आऱ्यांच्या भोकांतून हळूहळू जात राहते आणि माणूस टायरवर पंक्चर शोधत बसतो. काटा उपटताच ती जागा खाली येईल असं चाक फिरवा आणि अर्धा मिनिट धरून ठेवा. सीलंट तिथे साचून गोठतं. भोक मोठं असेल तर प्लग (भोकात खुपसायची रबरी पट्टी) घाला आणि बाहेर उरलेलं टोक ४-५ मिलीमीटर ठेवून कापा.

ट्यूबवाल्यांसाठी एक गोष्ट फार महत्त्वाची. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून काटा शोधावा लागतो आणि तो बोटाने सापडत नाही. सापडलाच तर बोटात घुसून सापडतो. जुन्या सुती बनियनचा तुकडा सोबत ठेवा. तो टायरच्या आत दाबून सगळ्या परिघावर एकदा उजवीकडून आणि एकदा डावीकडून फिरवा. जिथे सुताचा धागा अडकेल तिथे काटा आहे. बाहेरून तुटलेला, केसाएवढा उरलेला काटाही धाग्याला लागतो. दुसऱ्या ट्यूबचं पंक्चर बहुतेक वेळा पहिल्याच काट्याचं असतं.

ठिगळ लावताना लोक घाई करतात ती सोल्यूशनला. काचपेपरने चमक जाईपर्यंत घासा, ठिगळापेक्षा थोडं मोठं सोल्यूशन पातळ लावा आणि पाच मिनिटं थांबा. बोटाच्या पाठीने स्पर्श केल्यावर ओलं लागता कामा नये, नुसतं चिकट लागलं पाहिजे. मग ठिगळ मधून कडेकडे दाबत बसवा. ओल्या सोल्यूशनवर लावलेलं ठिगळ दुपारी सुटतं.

सोबत काय न्यावं

एक नवी ट्यूब (ट्यूबलेस असला तरीही), दोन प्लास्टिकचे टायर लिव्हर, हातपंप, चेन तोडायची सोय असलेला ॲलन कीचा संच, आपल्या चेनच्या गिअर-संख्येची जोडकडी, डिरेलरचा हँगर, चिमटा, सुती तुकडा, चार-पाच प्लास्टिकच्या पट्ट्या, आणि जुन्या टायरचा १० सेंटीमीटर तुकडा. शेवटचा तुकडा टायरची कड चिरली तर आतून लावायला लागतो. हँगर दर मॉडेलचा वेगळा असतो आणि वाटेत कुठेही मिळत नाही. म्हणून सायकल घेतानाच एक जादा मागून ठेवा.

पाणी दर दीड तासाला एक लिटर धरा. त्यातल्या एका बाटलीत लिंबू-मीठ-साखर.

सायकलच्या बाकी तयारीवर फार शाई खर्च करत नाही, तीनच गोष्टी पाहा. ब्रेकच्या पॅडवर घासणारा थर अर्ध्या मिलीमीटरपेक्षा कमी उरला असेल तर बदला. कोतरांतली बारीक धूळ आणि किनाऱ्याचा गाळ डिस्कवर पॉलिश पेपरसारखे काम करतात. रेझिनचे पॅड ओल्या गाळात एका दिवसात झिजू शकतात. किनाऱ्यासाठी धातूमिश्रित पॅड घ्या, पण आधी आपल्या डिस्कवर ते चालतात का हे पाहा. कारण स्वस्त डिस्कवर 'फक्त रेझिन' असं कोरलेलं असतं. चेनच्या बारा पूर्ण कड्या नव्या असताना ३०४.८ मिलीमीटर भरतात. स्टीलच्या पट्टीने त्या ३०६.३ भरल्या तर ती अर्धा टक्का ताणली आहे, आणि अकरा-बारा गिअरच्या सायकलवर ती तेव्हाच बदलावी. नाहीतर ती कॅसेट, म्हणजे मागच्या दातेरी चकत्यांचा संच, खाते. आणि हँडलच्या स्टेमचे, सीटच्या क्लॅम्पचे बोल्ट ५ ते ६ न्यूटन-मीटरला आवळलेले हवेत. यापेक्षा जोर दिला तर ॲल्युमिनियमची आटी जाते.

फोर्क हवेवर चालणारा असेल तर त्याच्या दांडीवर रबरी कडं सरकवा, कपडे-बूट-बॅगेसकट सायकलवर बसा आणि उतरून पाहा. १०० मिलीमीटरच्या फोर्कला ते २० ते २५ मिलीमीटर सरकलेलं असावं.

कोतरांत

कोतर म्हणजे घळ, पण सह्याद्रीतल्या घळीसारखी खडकाची नव्हे. इथे सगळी मातीच आहे आणि ती पाण्याने आतून पोखरली जाते. पावसाचं पाणी वरच्या भेगेतून आत शिरतं, जमिनीखाली बोगद्यासारखी वाट करतं आणि खालून बाहेर पडतं. वरून मात्र सपाट गवत दिसतं. एके दिवशी ते छप्पर खचतं. पावसाळ्यात आणि त्यानंतर महिनाभर कोतरांत जाऊ नये ते यासाठी. कोरड्या दिवसांतही कडेपासून निदान तीन मीटर आत राहा. फोटोसाठी सायकल कडेला टेकवताना तर विशेषच. गवतात ताटलीएवढं गोल भोक दिसलं तर ती उंदराची बिळं समजून पुढे जाऊ नका. त्या रेषेत जमीन पोकळ असू शकते.

नवी वाट असेल तर आधी चालत उतरा. वेळ जातो, पण वळणामागे काय आहे ते कळतं: पाण्याने कापलेली गुडघाभर पायरी, बैलगाडीची खोल चाकोरी, डोक्यावर चाऱ्याचा भारा घेतलेली बाई, म्हशी. इथे नीलगायही असते, लोक तिला रोझ म्हणतात. ती आडवी पळाली तर तिच्या मागून दुसरी येणार हे धरूनच चाला. घंटी लावा आणि आंधळ्या वळणावर ती वाजवा.

उतरताना सीट पाच ते आठ सेंटीमीटर खाली घ्या. दोन्ही पेडल जमिनीला समांतर, टाचा किंचित खाली, वजन तळपायांवर, हँडलवर नुसते हात टेकलेले. कुल्ले सीटच्या मागे सरकवा, पण हात ताठ होतील इतके मागे नको. हात ताठ झाले की पुढचं चाक हलकं होऊन वळत नाही. नजर आठ-दहा मीटर पुढे. ब्रेकवर एकेकच बोट ठेवा आणि उतार सुरू होण्याआधीच वेग कमी करा. सायकल थांबवण्याचं जास्त काम पुढचा ब्रेक करतो, म्हणून त्याला घाबरून नुसता मागचा दाबत राहिलं तर मागचं चाक घसरत खाली जातं. पण पुढचा ब्रेक चाक सरळ असतानाच दाबायचा. धुळीत हँडल वळलेलं आणि पुढचा ब्रेक दाबलेला, या एका चुकीने बहुतेक लोक पडतात. टायरची पकड मर्यादित असते. ती वळण्यात खर्च झाली की थांबायला उरत नाही.

कोतराच्या तळाशी रेती साचते. तिच्यात शिरण्याआधीच दोन गिअर हलके करा, पाय वेगाने फिरवत ठेवा, वजन थोडं मागे घ्या आणि हँडलने दिशा बदलायचा प्रयत्न करू नका. कमरेने सायकल झुकवली की ती आपोआप वळते. पुढचं चाक डुगडुगलं तर घाबरून ब्रेक मारू नका, पेडल मारत राहा.

बाहेर पडायचा चढ छोटा पण उभा असतो. गिअर चढाच्या आधी बदला. चढावर जोर देताना बदलला तर चेन उडते किंवा तुटते. सीटच्या टोकावर बसा, कोपरं खाली, छाती हँडलकडे. मागचं चाक गरगरलं तर वजन मागे न्या, पुढचं उचललं तर पुढे. हा तोल दहा-बारा प्रयत्नांत अंगवळणी पडतो.

वाटा गावकऱ्यांच्या आणि शेतांच्या आहेत. भाजीच्या, केळीच्या, तंबाखूच्या वावरातून सायकल घालू नका, बांधावरून उतरून चाला. पलीकडच्या काठावर जायचं असेल तर सिंधरोटजवळचा उमेटा पूल किंवा वासदचा महामार्ग. मुजपूरकडचा गंभीरा पूल ९ जुलै २०२५ ला कोसळला, त्यामुळे जुन्या नकाशावरून वाट आखू नका.

आणि सायकल नदीत किंवा ओढ्यात धुवायला नेऊ नका. विश्वामित्री आणि ढाढरमध्ये मगरी आहेत हे बडोदेकरांना सांगायला नको, पण चिखलाने माखलेली सायकल पाहून विसर पडतो. पाण्याच्या काठावर बसून चेन घासणं हे तिथे खरंच धोक्याचं आहे.

किनारा: आधी भरतीचं गणित

कावी-कंबोईचं स्तंभेश्वराचं देऊळ दिवसातून दोनदा भरतीत बुडतं. ते पाहायला लोक येतात, तोच सायकलवाल्यांसाठी धडा आहे. खंभातचं आखात नरसाळ्यासारखं आत निमुळतं होत जातं, म्हणून पाणी इथे उंच चढतं. भावनगरकडे उधाणाला भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरच्या घरात जातो.

कोकणातून आलेल्यांना तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायचा हिशेब ठाऊक असतो. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. इथे तो लावू नका. भरतीची लाट आखाताच्या टोकापर्यंत पोचायला काही तास घेते, त्यामुळे वेळ कोकणापेक्षा बरीच पुढे जाते. भावनगर किंवा दहेजचं भरतीचं कोष्टक पाहा, शिवाय देवळापाशी त्या दिवशीची वेळ विचारून घ्या. दोन भरतींमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं असतात, म्हणजे वेळ रोज पाऊण-एक तास पुढे सरकते. गेल्या रविवारची वेळ या रविवारी चालणार नाही.

दिवस निवडताना अमावास्या-पौर्णिमा आणि त्यानंतरचे दोन-तीन दिवस टाळा, ते उधाणाचे. अष्टमीच्या मागे-पुढे भांगाची भरती असते, पाणी कमी चढतं आणि सावकाश चढतं. नवख्यांनी त्याच दिवसांत जावं.

धोका किती हे आकड्यांत पाहा. समजा भरती-ओहोटीतला फरक आठ मीटर आहे. सहा तासांच्या चढीत मधल्या दोन तासांत पाणी निम्मं, म्हणजे चार मीटर चढतं. किनाऱ्याचा उतार पाचशे मीटरला एक मीटर असेल तर चार मीटर चढणारं पाणी दोन तासांत दोन किलोमीटर आत येईल. गाळात सायकल ढकलणारा माणूस तासाला एक किलोमीटर गेला तरी पुष्कळ. शिवाय पाणी समोरून सरळ येत नाही. ते आधी आडव्या नाळ्यांतून मागे शिरतं, आणि आपण उभे असलेली जागा कोरडी असतानाच परतीची वाट बंद होते. म्हणून पाणी उतरत असताना, भरतीच्या तीनेक तासांनंतर निघा आणि ओहोटीच्या वेळेला परत फिरा. ओहोटी लागली म्हणून आणखी पुढे जाण्याचा मोह आवरा.

सायकल बांधावर, घट्ट रेतीवर आणि गावाच्या वाटांवरच चालवा. पाण्याकडच्या चकचकीत करड्या गाळात पाय मांडीपर्यंत जाऊ शकतो. शंका आली तर सायकल बाजूला ठेवून टाच रोवून पाहा. टाच बुडाली आणि भोवती पाणी सुटलं तर तिथूनच मागे. तिवरांच्या झाडीत जाऊ नका. जमिनीतून वर आलेली त्यांची बोटभर उंच मुळं श्वास घेण्यासाठी असतात, चाकाखाली ती मोडली की झाड कमजोर होतं. शिवाय ती टायरही फाडतात.

रेतीवर हवा वर सांगितल्याप्रमाणे कमी करा. ओल्या, नुकत्याच उघड्या पडलेल्या रेतीवर चाक छान चालतं, कोरड्या भुसभुशीत रेतीवर रुततं. चाकाची खूण रेतीत दोन सेंटीमीटरपेक्षा खोल उमटत असेल तर आणखी एक-दोन पीएसआय सोडा. डांबरी रस्त्याला लागण्याआधी हवा पुन्हा भरायला मात्र विसरू नका.

मिठाचं निवारण

मिठाचं नुकसान दुसऱ्या दिवशी दिसत नाही, तीन महिन्यांनी दिसतं. सीटपोस्ट (सीटची दांडी) फ्रेममध्ये जाम होते, डिस्कचे बोल्ट गंजून त्यांची डोकी झिजतात, आऱ्यांचे ॲल्युमिनियमचे निपल (आरा रिमशी आवळणाऱ्या टोप्या) पांढरे पडून कडकन तुटतात. म्हणून गाडीत पाच लिटर गोड्या पाण्याचा कॅन ठेवा आणि किनाऱ्यावरच पहिली धुणी करा.

मगाने वरून खाली पाणी ओता: हँडल, फ्रेम, फोर्कच्या दांड्या, मग चाकं, शेवटी चेन आणि कॅसेट. गाड्या धुण्याच्या दुकानातला जोराचा फवारा नको. तो हबच्या आणि पेडलच्या बेअरिंगमधलं ग्रीस काढून तिथे खारं पाणी भरतो. गाडीत ठेवताना पुढचं चाक काढलं आणि ब्रेक तेलाचा असेल तर पॅडच्या मधे पुठ्ठ्याची घडी सरकवा. वाटेत लिव्हर दाबला गेला तर पॅड चिकटून बसतात आणि मग त्यांच्यामध्ये डिस्क जात नाही.

घरी आल्यावर बादलीभर पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे चार थेंब टाकून मऊ ब्रशने पुन्हा धुवा, कापडाने पुसा. मग सीट काढून सायकल उलटी करा. फ्रेममधून चमचाभर तरी खारं पाणी निघतं, आणि ते तसंच राहिलं तर बॉटम ब्रॅकेटचं (पेडलच्या आसाचं) बेअरिंग खातं. सीटपोस्ट पुसून ग्रीस लावून घाला, कार्बनची असेल तर ग्रीसऐवजी कार्बन पेस्ट. प्रत्येक निपलच्या मुळाशी तेलाचा थेंब. चेन पूर्ण वाळू द्या आणि दर रोलरवर एकेक थेंब घाला. शंभर-सव्वाशे थेंब होतात, दहा मिनिटं लागतात. अर्ध्या तासाने वरचं तेल कोरड्या कापडाने पुसून टाका, कारण आत गेलेलं तेलच कामाचं, वरचं धूळ धरतं. कोतरांसाठी मेणाचं किंवा कोरडं तेल, किनाऱ्यासाठी दाट ओलं तेल. डब्ल्यूडी-४० फवारायचं असेल तर डिस्क कापडात गुंडाळूनच. एक शिंतोडा पॅडवर गेला की ब्रेक किंचाळतो आणि धरत नाही, आणि ते पॅड टाकूनच द्यावे लागतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवा, दुसऱ्या हाताची बोटं फ्रेम आणि फोर्कच्या सांध्यावर ठेवून. टकटक जाणवली तर हेडसेट, म्हणजे त्या सांध्यातलं बेअरिंग, सैल आहे. पुढचं चाक उचलून हँडल सावकाश फिरवा. कुठे खडबड लागली तर खालच्या बेअरिंगमध्ये गाळ शिरला आहे. ते त्याच आठवड्यात उघडून पुसा, नवं ग्रीस भरा. महिनाभर राहिलं तर बेअरिंग कपातच गंजून बसतं आणि मग हातोडीनेही निघत नाही.